स्पेक्ट्रम ट्यूबचा संच: नायट्रोजनच्या नळीतच पैसे वसूल

ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी 5000 व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि सहा स्पेक्ट्रम ट्यूबा (विरळ वायू भरलेल्या, वीज दिली की उजळणाऱ्या काचेच्या नळ्या) असा संच घेतला: हायड्रोजन, हीलियम, निऑन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि हवा. बारावीला हायड्रोजन लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तेवढीच ट्यूब लावतात नि बाकीच्या कपाटात जातात. माझ्या मते या संचातली खरी शिकवणारी ट्यूब नायट्रोजनची आहे.

खोलीत अंधार करून ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून) बघा. हायड्रोजनच्या मोजक्या, सुट्या रेघा दिसतात. नायट्रोजनमध्ये मात्र तांबड्या-नारिंगी भागात एकाला एक लागून पट्टे, एका कडेला ठळक नि दुसरीकडे विरत गेलेले, नऊवारीच्या निऱ्यांसारखे. जांभळ्या टोकाला आणखी एक माळ. नळीतला वेगवान इलेक्ट्रॉन रेणूवर आदळला की रेणू वरच्या पातळीवर जातो; जांभळ्या पट्ट्यांसाठी त्याला सुमारे 11 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणू-रेणूंची ऊर्जा मोजायचं एकक) मिळावे लागतात. उतरताना तो प्रकाश देतो, पण रेणू कंपनही करतो, फिरतोही, म्हणून एका रेघेच्या जागी रेघांचा थवा येतो. 15.6 च्या वर ऊर्जा मिळाली तर रेणूतला इलेक्ट्रॉनच उडतो. अणू आणि रेणू यांतला फरक मुलांना असा डोळ्यांनी दिसतो, याचं मला फार मोल वाटतं.

ऑक्सिजनची ट्यूब अंधूक आहे, तरी ठेवा. ऑक्सिजनच्या रेणूतल्या दोन अणूंमधला बंध 5.1 इलेक्ट्रॉन व्होल्टचा, नायट्रोजनचा 9.8 चा, त्यामुळे तो लवकर तुटतो. 615.7 नॅनोमीटर तरंगलांबीजवळची नारिंगी रेघ दिसली, की ती सुट्या अणूची; रेणू फुटल्याचा पुरावाच. हेच अणू इलेक्ट्रोडच्या धातूला चिकटतात, वायू कमी होतो नि ट्यूब मंदावत जाते. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा रंग यात का नाही, हे मुलं हमखास विचारतात. 557.7 नॅनोमीटरचा तो प्रकाश द्यायला ऑक्सिजनच्या अणूला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. शंभर किलोमीटर वरच्या विरळ हवेत तेवढी उसंत मिळते. नळीत त्याआधीच दुसरा कण किंवा भिंत त्याची ऊर्जा काढून घेते.

हवेची ट्यूब घेऊ नका. हवेत 78 टक्के नायट्रोजन, तेव्हा तेच पट्टे पुन्हा दिसतात.

तक्रार स्टँडची. वरची स्प्रिंग ढिली आहे, ट्यूब नीट बसत नाही. सांध्यात ठिणगी उडाली की ओझोनचा तिखट वास येतो. आम्ही स्प्रिंग बदलून घेतली. ट्यूब बदलताना प्लग काढाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद असं वापरा, ट्यूब टिकते. ऑर्डर देताना हवेच्या जागी नायट्रोजनची दुसरी ट्यूब मागून घ्या. आम्हाला विक्रेत्याने त्याच किमतीत बदलून दिली.