इमारत खरी, मुद्रा बेतलेली: गेममध्ये गोव्यातली सरकारी वास्तू उभारताना

पणजीत किंवा पर्वरीत घडणारा गेम करायचा म्हटला की एक निवड लवकरच करावी लागते. इमारत दारावरच्या मुद्रेसकट (सरकारी बोधचिन्हासकट) जशीच्या तशी उचलायची, की इमारत खरी ठेवून मुद्रा आपली बेतायची? सगळेच काल्पनिक करणे हा तिसरा मार्ग. कायद्याच्या बाजूने तो निर्धास्त, पण मांडवीचा काठ दाखवून त्यावर कुठलेसे अनोळखी ‘मुख्यालय’ उभे केले तर गोंयकार खेळाडू पाच मिनिटांत हसून गेम बंद करील. त्यामुळे त्याला बाजूला ठेवतो.

बहुतेक घोळ इमारत आणि मुद्रा यांना एकाच तागडीत तोलल्याने होतो. दोन्हींचे कायदे वेगळे आहेत आणि इमारतीचा बराच मवाळ आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये वास्तुकृतीचे चित्र, रेखाटन, कोरीव ठसा किंवा छायाचित्र करणे आणि वास्तूचे प्रदर्शन करणे याला मोकळीक आहे. त्या यादीत ‘त्रिमितीय प्रतिकृती’ हा शब्द मात्र नाही, आणि गेममधले मॉडेल नेमके तेच असते. जुन्या वास्तूंच्या बाबतीत हा प्रश्न उरतच नाही. पणजीचा आदिलशाही राजवाडा शतकांपूर्वीचा, त्यावर कोणाचा कॉपीराइट शिल्लक असणार? पर्वरीचे विधानसभा संकुल 2000 सालापासून वापरात आहे, उच्च न्यायालयाची नवी इमारत 2021 ची. तिथे हक्क जिवंत आहेत असे धरूनच चालावे. रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग हाताने मॉडेल करावा, आतली मांडणी मनाने रचावी. आतला खरा नकाशा खेळाला फारसा लागत नाही आणि सुरक्षेच्या अंगाने तो नसलेलाच बरा. शासकीय गुपिते कायदा 1923 च्या कलम 3 मध्ये ‘स्केच, प्लॅन, मॉडेल’ हे शब्द आहेत. शत्रूच्या उपयोगी पडेल अशा कृतीसाठी ते कलम आहे हे खरे. तरी दाबोळीचा नौदल तळ गेममध्ये घ्यायचा मोह मी टाळीन.

इमारतीपेक्षा तिच्या भोवतालची शिल्पे अडचणीची. राजवाड्याशेजारचा संमोहनतज्ज्ञ आबे फारियांचा पुतळा 1945 चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. सार्वजनिक जागेतल्या शिल्पाचा फोटो किंवा चित्र चालते, पण चहूबाजूंनी फिरून पाहता येईल असे मॉडेल त्या मोकळिकीत स्पष्टपणे बसत नाही. मुदत मोजायची ती पुतळा उभारल्याच्या वर्षापासून नाही, शिल्पकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. हाच हिशेब पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या आझुलेजो (पोर्तुगीज धाटणीच्या चित्रित) फरशांना लावला तर उत्तर सोपे निघते: त्या 1935 मधल्या, चित्रकार जोर्ज कोलासो 1942 मध्ये वारले, म्हणजे 2002 अखेर मुदत संपली. फरशा खुशाल घ्या. पुतळ्याची दुरून दिसणारी सपाट आकृती ठेवली तर भागते.

आता मुद्रा. इथे दोन कायदे एकमेकांवर चढलेले आहेत. 1950 चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा अनुसूचीतली नावे व चिन्हे व्यापारासाठी वापरायला बंदी घालतो. त्या यादीत राष्ट्रध्वज आहे, केंद्र आणि राज्य सरकारांची नावे व मुद्रा आहेत, छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे व चित्रेही आहेत. 2005 चा कायदा फक्त भारताच्या राजमुद्रेसाठी. त्याचे कलम 3 ‘हे सरकारी आहे’ असा समज होईल असा वापर रोखते, कलम 4 व्यापार-धंद्यातला वापर रोखते. मूळ कायद्यात शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. चुकीच्या लाभासाठी कलम 4 मोडल्यास किमान 6 महिने कैद. त्याखालचे 2007 चे नियम मुद्रा कोणी वापरायची याच्या याद्या देतात, आणि त्यांत गेम बनवणारे येत नाहीत.

‘ही कथा काल्पनिक आहे’ ही सुरुवातीची पाटी इथे किती उपयोगी? कलम 3 पुरती थोडीशी. कलम 4 ला तिचे काही सोयरसुतक नाही, कारण तिथे प्रश्न समजाचा नसून धंद्याचा आहे. फुकट गेममध्ये जाहिराती असल्या तरी तो धंदाच. कॉलेजातल्या प्रकल्पाची गोष्ट वेगळी, तो वर्गाबाहेर जाईपर्यंत.

इथवर पाहता दोन्ही मार्गांत उन्नीस-बीसचा फरक वाटेल. खरी मुद्रा दारावर धूसर, पार्श्वभूमीत असली तर कोण एवढे बारकाईने पाहणार, असेही कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही. बेतलेल्या मुद्रेकडे माझा कल ठरला तो मात्र एका किरकोळ वाटणाऱ्या कटकटीवरून: खरी मुद्रा एकदा फायलींत शिरली की निघता निघत नाही.

हुबेहूब मार्गाचे आकर्षण फोटोंवरून स्कॅन करण्यात असते. दोन-अडीचशे फोटो, लागोपाठच्या फोटोंत 70 ते 80 टक्के भाग सामाईक, ढगाळ उजेड, आणि दर्शनी भाग दिवसभरात तयार. (जून-जुलैत काढू नयेत. चिऱ्याच्या भिंतीवरचे शेवाळ आणि खिडक्यांवरची ताडपत्रीही सोबत येते.) पण या पद्धतीत टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेले चित्र) आपोआप उलगडले जाते, म्हणजे सपाट तुकड्यांत पसरले जाते. दारावरची मुद्रा एका जागी न राहता पाच-सहा तुकड्यांत विखुरते. सपाट चित्रात ती पुसता येत नाही, मॉडेलवर प्रक्षेपण करून रंगवावी लागते. मग मोबाइलसाठी जाळी (मॉडेलच्या पृष्ठभागाची बांधणी) हलकी केली की उलगडणी नव्याने पडते, टेक्स्चर मूळ फोटोंतून पुन्हा भाजले जाते (मॉडेलवर पक्के उतरवले जाते) आणि पुसलेली मुद्रा जागच्या जागी हजर. उपाय एकच, टेक्स्चर भाजण्यापूर्वी प्रत्येक मूळ फोटोतच ती झाकायची. मुद्रेसोबत फाटकाशेजारच्या फलकावरचा पंतप्रधानांचा फोटो आणि उभ्या गाड्यांचे नंबरही तसेच झाकायचे. तोवर दिवसभराची बचत केव्हाच संपलेली असते.

हाताने केलेल्या मॉडेलमध्ये मुद्रेला स्वतःचे मटेरियल देता येते. भिंतीपासून एक-दोन सेंटिमीटर पुढे एक चौकोन, त्यावर 512 पिक्सेलचे वेगळे टेक्स्चर. चौकोन भिंतीला अगदी टेकवला तर कॅमेरा हलताना चित्र लुकलुकते. हे टेक्स्चर खिडक्या-दारांच्या सामाईक शीटमध्ये कोंबू नये, नाहीतर पुन्हा तीच गत. फाइलचे नाव ठरलेल्या उपसर्गाने सुरू करावे. मग बदल करायचा झाला तर एक फाइल बदलली की सचिवालयाचे दार, पोलिसांची टोपी, सरकारी गाडी सगळे बदलते. दोन ठिकाणे तरीही निसटतात: लांबून दिसणाऱ्या हलक्या मॉडेलवर भाजलेले जुने चित्र, आणि अ‍ॅपच्या दुकानासाठी (गूगल प्लेसारख्या) आधीच काढून ठेवलेले स्क्रीनशॉट. तिथले गेमचे 512 पिक्सेलचे चिन्ह (आयकॉन) आणि 1024 बाय 500 चे शीर्षकचित्र यांत तर मुद्रा असूच नये. गूगल प्लेच्या तोतयेगिरीविरुद्धच्या धोरणात सरकारशी संबंध असल्याचा भास निर्माण करणारे राष्ट्रीय चिन्ह नेमके याच जागी हेरले जाते.

बेतलेली मुद्रा म्हणजे खरीतला एक तपशील बदललेली मुद्रा नव्हे. दोन्ही कायदे दिसायला तीच वाटेल अशा नकलेलाही पकडतात. सिंहांच्या जागी तीन गवे बसवण्याची कल्पना गोव्यात कोणालाही सुचेल. पण पाठीला पाठ लावलेले तीन प्राणी, खाली चक्र, त्याखाली देवनागरी ओळ, म्हणजे बाह्यरेखा तीच झाली. राज्याच्या मुद्रेतली दिवा धरलेली ओंजळ, नारळाची पाने आणि भोवतीचे संस्कृत वचन हेही सोडावे. होडी, पोफळ, एखादे अक्षर यांतून काहीतरी निराळ्या आकाराचे करावे, वर्तुळ टाळून. मग ते 64 पिक्सेलला आणून, काळे-पांढरे करून कोणाला तरी दाखवावे. पाहणारा ‘हे सरकारचे ना?’ म्हणाला तर पुन्हा काढावे. ‘सरकारचे वाटते’ आणि ‘सरकारी थाटाचे वाटते’ यांत फरक आहे. आपल्याला दुसरे हवे आहे. फलकावर ‘गोवा सरकार’ न लिहिता नुसते ‘राज्य सचिवालय’ लिहिले तर नावाचाही प्रश्न मिटतो.

ध्वजाचे मात्र बेतून जमत नाही. काल्पनिक तिरंगा खऱ्याहून वाईट दिसतो. तो काढून रिकामा खांब ठेवावा, किंवा केंद्राची परवानगी मिळवून खराच, 3:2 प्रमाणात, 24 आऱ्यांसकट दाखवावा आणि त्याला गोळी, आग, स्फोट यांतले काहीही लागू होणार नाही असे भौतिकीत बंद करावे. 1971 चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविषयीचा कायदा ध्वज जाळणे-फाडणे यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद सांगतो. खेळाडूने खेळात केलेल्या कृतीला तो कितपत लागतो हा वाद न्यायालयात नेण्याइतका कोणताही गेम मोठा नसतो.

कथानक 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधीचे असेल तर यातला बराचसा भार हलका होतो. दारावर पोर्तुगीज राजचिन्हाची ढाल येते आणि आपले दोन्ही कायदे बाजूला राहतात. तिचा ट्रेडमार्क करायला जाऊ नये एवढेच.

हुबेहूब मार्ग ज्यांना घ्यावाच लागतो असेही काही आहेत. सरकारी खात्यासाठीच केलेला वारसा-दर्शनाचा गेम घ्या. तिथे राज्याच्या खात्याचे पत्र फोटो काढायला, आवारात जायला पुरते. राजमुद्रेला ते पुरत नाही, कारण दोन्ही कायद्यांतली परवानगी केंद्र सरकारची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची लागते. करारात परवानगी आणायची जबाबदारी खात्यावर लिहून घ्यावी आणि ती येईपर्यंत त्या चौकोनात रिकामे करडे टेक्स्चर ठेवून काम चालू ठेवावे.