मोठेपणी सायकल: मागून धरणारा हवा की पेडल काढलेली बरी?

चाळिशीत सायकल शिकायची ठरवलीत, तर पहिला मार्ग ओळखीचा: कुणीतरी मागून कॅरियर धरायचं, पळायचं आणि हळूच सोडून द्यायचं. लहान मुलांना हे चालतं. मोठ्या माणसाचं वजन सावरताना धरणाऱ्याची कंबर जाते आणि तोल तोच सांभाळत असल्याने शिकणाऱ्याला तो कळतच नाही.

दुसरा मार्ग मला कितीतरी पटीने पसंत आहे. दोन्ही पेडल काढून टाका. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे मात्र उलटे, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग पायांनी जमीन रेटत पुढे जायचं. नजर चाकावर नको, समोर हवी. सायकल ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं. पाय उचलून बरंच अंतर सरळ जाता आलं की पेडल परत लावा.

जागा? आपलं नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, सकाळी लवकर, गर्दी नसलेला कोपरा बघून. कॉलेज रोडवर इतक्यात नको.

घरचं माणूस सोबत असू द्या, पण धीर द्यायला. आणि वयाची लाज तर अजिबात नको. २०१५ साली अमेरिका सायकलने पार करणारे महाजन डॉक्टर बंधू याच नाशिकचे.