हँडलबारचा दिवा, ८ महिन्यांनंतर: उजेड उत्तम, पण ते चार हिरवे ठिपके

रात्री २ वाजून ४० मिनिटांनी माझा दिवा तीनदा मिचकला आणि एकदम मंद झाला. मी उताराच्या मध्यावर होते, ओल्या मुळांच्या पट्ट्यात. पुढचं चाक एका मुळावर तिरकं चढलं होतं आणि त्याच्या पलीकडचं मूळ दिसेनासं झालं. हेल्मेटवर ४०० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) छोटा दिवा होता, म्हणून पाय टेकायला जागा तरी सापडली. सायकल आडवी धरून उभी राहिले तेव्हा हात थरथरत होते. जेमतेम आठ मिनिटांपूर्वी पिटमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये थांबायच्या जागी, भावाने बॅटरीवरचं बटण दाबून चारपैकी किती हिरवे ठिपके पेटतात ते पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "ताई, दोन ठिपके आहेत. अर्धी शिल्लक आहे, जा."

तो खोटं बोलला नव्हता, ठिपके दोनच होते. हा अनुभव लिहायला बसले ती त्या दोन ठिपक्यांमुळे.

दिव्याची माहिती थोडक्यात. २००० ल्यूमेन, उजेडाच्या तीन पायऱ्या, वायरवरची वेगळी बॅटरी, तिच्यात २१७०० मापाचे दोन सेल, हँडलबारवर अंगठ्याशी रिमोट बटण. मी आठ महिन्यांपूर्वी घेतला तो संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशा एकट्याने चालवायच्या शर्यतीसाठी. सोबत एक जादा बॅटरी घेतली. तिसरी घेणार नाही हे तेव्हाच ठरवलं होतं. त्या पैशात दोन टायर येतात, आणि टायर झिजतातच.

आधी सर्व्हिस सेंटरचं सांगते, कारण तेव्हा मी खरोखर संतापले होते. कंपनी म्हणते पूर्ण उजेडावर २ तास २० मिनिटं. मला ट्रेलवर कधीच १ तास ४० मिनिटांच्या वर मिळाली नाहीत. बॅटरी खराब निघाली असं समजून वॉरंटीत पाठवली. १९ दिवसांनी परत आली, सोबत एका ओळीची चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही. नवी दिली की जुनीच, हे कळावं म्हणून पाठवताना मी तळाशी पेनाने बारीक खूण केली होती. खूण तशीच होती. त्या १९ दिवसांत रात्रीचे पाच सराव एकाच बॅटरीवर भागवावे लागले. फोन केला तर तेच उत्तर, मेल केला तर तेच उत्तर. ठिपक्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "तो फक्त अंदाज असतो, मॅडम."

मग मी स्वतः मोजायला घेतलं. माझं मत बदललं ते इथे.

पहिल्यांदा दिवा टेबलावर ठेवून पूर्ण उजेडावर लावला आणि समोरच्या भिंतीशी फोनवरचं उजेड (लक्स) मोजणारं ॲप ठेवलं. चार मिनिटांत दिव्याची ॲल्युमिनियमची बॉडी हात लावता येऊ नये इतकी तापली आणि आकडा उतरायला लागला. साधारण पाव भाग उजेड कमी होऊन तिथेच स्थिर राहिला. डोळ्याला हे कळलंसुद्धा नाही. उजेड हळूहळू उतरला की डोळा त्याच्याशी जुळवून घेत राहतो. दिवा चालला २ तास २४ मिनिटं, म्हणजे कंपनीच्या आकड्यापेक्षा चार मिनिटं जास्तच. दुसऱ्या दिवशी तीच बॅटरी पूर्ण चार्ज करून तोच प्रयोग पंख्यासमोर केला. बॉडी कोमट राहिली, आकडा जागचा हलला नाही, आणि १ तास ४१ मिनिटांनी दिवा संपला.

बॅटरी ठीकच होती. टेबलावर दिवा तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी ओढतो, म्हणून जास्त वेळ टिकतो. सायकलवर वारा लागतो, दिवा गार राहतो, पूर्ण २००० ल्यूमेन देत राहतो आणि लवकर रिकामा होतो. खोक्यावर एफएल १ या हातदिव्यांच्या चाचणी-मानकाचं चिन्ह आहे. त्यात मोजणी दिवा लावल्यानंतर ३० सेकंदांनी जो उजेड असतो तिथून सुरू होते आणि तो उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत चालते. १० टक्के म्हणजे या दिव्याचे २०० ल्यूमेन. त्यात मुळांचा उतार उतरता येत नाही. मी सर्व्हिस सेंटरला तसं कळवलं आणि बॅटरीवरची तक्रार मागे घेतली. पण तपासणी कशी केली, एवढं त्या चिठ्ठीत लिहिलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

ठिपक्यांवरची तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही.

पूर्ण उजेडावर १०१ मिनिटांची माझी नोंद अशी आहे. चार ठिपके पहिली १४ मिनिटं. तीन ठिपके ५८व्या मिनिटापर्यंत. दोन ठिपके ९२व्या मिनिटापर्यंत. शेवटचा ठिपका फक्त ९ मिनिटं, मग तीनदा मिचकणं आणि मंद. चार ठिपके म्हणजे चार सारखे भाग असं कुणीही समजेल, पण एक भाग ४४ मिनिटांचा आहे आणि एक ९ मिनिटांचा. कारण ठिपके शिल्लक वीज मोजतच नाहीत, फक्त व्होल्टेज मोजतात. दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडले की भरलेले असताना ८.४ व्होल्ट दाखवतात. ते लवकर थोडं खाली येतं, मग बराच वेळ ७.२ च्या आसपास जवळजवळ सपाट चालतं आणि शेवटी कड्यावरून पडावं तसं कोसळतं. त्या सपाट भागात व्होल्टेजवरून बॅटरी किती उरली आहे हे ओळखणं अवघड असतं.

त्याहून वाईट गोष्ट त्या रात्री घडली. दिवा चालू असताना व्होल्टेज दबलेलं असतं. बंद केला की मिनिटभरात ते परत वर येतं. मी पिटमध्ये आले, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून दिवा बंद केला, पाणी भरलं, खाल्लं. तेवढ्यात एकाचे दोन ठिपके झाले होते. नंतर घरी हे चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा एकाचे दोन झाले. म्हणजे हा दर्शक नेमका पिटमध्ये, जिथे त्याच्याकडे पाहून निर्णय घ्यायचा असतो, तिथेच चुकीचा आकडा सांगतो. थंडीत आणखी गोंधळ, कारण गार बॅटरीचं व्होल्टेज भाराखाली जास्त दबतं आणि मग ठिपके उलट्या बाजूने चुकतात.

कुणी म्हणेल, एवढ्या चांगल्या दिव्यात ठिपक्यांचं काय घेऊन बसलीस. रात्रभर सायकल चालवलेल्या माणसाला हे विचारावं लागणार नाही. पहाटे ३ ते ५ च्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, झोप अंगावर येते आणि साधी बेरीज जमत नाही. सरावात एकदा मी टायरची हवा तपासली आणि दोन मिनिटांनी पुन्हा तपासली, कारण तपासल्याचं आठवत नव्हतं. त्या वेळी माणूस डोळ्यांना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवतो. हिरवा दिसला की निघतो.

आता दिव्याचं खरं कौतुक. ते मनापासून आहे.

सगळ्यात खालची पायरी २५० ल्यूमेनची आहे. पहिले तीन महिने मी ती वापरलीच नाही. २००० चे पैसे मोजले आणि २५० वर चालवायचं, हे पटत नव्हतं. बॅटरी सर्व्हिस सेंटरला गेली तेव्हा नाइलाजाने चढावर ती लावली. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटर. पाच-सहा मीटर पुढचं दिसलं की पुरे. डोळे मंद उजेडाला सरावले तसं कडेचं झुडूप, वळणाचा दगड, सगळं दिसायला लागलं. पूर्ण उजेडावर चढताना समोरच्या ओल्या दगडावरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि त्याच्या पलीकडे काळोखाची भिंत उभी राहते, ते बंद झालं. तासभर चढ-उतार करून खाली आले तेव्हा डोळे दुखत नव्हते, आणि हे मला पहिल्यांदाच जाणवलं. १९९२ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कनेनला २४ तासांच्या माउंटन बाइक शर्यती सुरू झाल्या त्या हॅलोजन दिव्यांच्या काळात. १० वॅटच्या हॅलोजनला तेव्हा जेमतेम दोनशे ल्यूमेन मिळायचे. हा दिवा त्याहून जास्त उजेड सव्वादोन वॅटमध्ये देतो.

त्यावरून माझं सगळं गणित बदललं. बॅटरी ३६ वॅट-अवरची, म्हणजे ३६ वॅट तासभर पुरवेल एवढी. पूर्ण उजेड सुमारे २० वॅट खातो, मधली पायरी ७, खालची सव्वादोन. माझा रात्रीचा लॅप, म्हणजे ट्रेलची एक फेरी, ५८ मिनिटांचा: ३० मिनिटं चढ खालच्या पायरीवर, १३ मिनिटं सपाट मधल्यावर, १५ मिनिटं उतार पूर्ण उजेडावर. बेरीज साडेसात-पावणेआठ वॅट-अवर. म्हणजे एका बॅटरीत चार लॅप होतात, मी तीनच करते. तीन लॅप झाले की बॅटरी बदलायची, ठिपके काहीही म्हणोत. काढलेली बॅटरी पॉवर बँकेवर लागते आणि पुढचे तीन लॅप संपायच्या आत भरते. दोन बॅटऱ्यांत पूर्ण रात्र निघते. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथपफरसारख्या जानेवारीतल्या शर्यतीला, जिथे १७ तास अंधार असतो, हे पुरणार नाही. तिथे तिसरी बॅटरी हवीच. शिवाय शून्य अंशाखाली लिथियम-आयन चार्ज करू नये. त्यामुळे थंड जागी काढलेली बॅटरी आधी जॅकेटच्या आत ठेवून ऊबदार होऊ द्यायची आणि मग चार्जिंगला लावायची.

रिमोट बटण जाड ग्लोव्हमधूनही लागतं. पायरी बदलायला हँडलवरून हात काढावा लागत नाही. हे नसतं तर वरचं गणित कागदावरच राहिलं असतं. उताराच्या तोंडाशी एकदा दाबलं की पूर्ण उजेड.

उजेडाचा रंग मला आवडला नाही. निळसर पांढरा आहे. त्यात ओलं मूळ आणि ओला चिखल एकाच राखाडी रंगाचे दिसतात. माझ्या हेल्मेटवरचा दिवा थोडा पिवळट आहे आणि त्यात मुळाची साल वेगळी ओळखू येते. म्हणून दोन्ही लागतात. हँडलबारचा दिवा खालून उजेड टाकतो, खड्ड्याला सावली देतो, खोली कळते. हेल्मेटचा मान वळेल तिकडे वळतो, पण डोळ्यांच्या इतका जवळ असतो की सावल्या पुसून टाकतो, आणि धुक्यात किंवा धुळीत समोर नुसता पांढरा पडदा उभा करतो. धुकं आलं की मी हेल्मेटचा दिवा आधी बंद करते.

बाकीचं पटकन. पावसात तीनदा पूर्ण भिजला, आत पाणी गेलं नाही. कनेक्टरच्या रबरावर सहाव्या महिन्यात बारीक चीर दिसली. वायर फ्रेमला घट्ट बांधल्यामुळे हँडल वळताना तिथेच ताण येत होता. सैल वळसा देऊन बांधल्यावर चीर वाढली नाही. नवा दिवा बसवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मगच वायर बांधा.

घ्यावा का? उजेड, बटण आणि टिकाऊपणा यांसाठी घ्यावा. मी पुन्हा घेतला तरी हाच घेईन. पण आल्या आल्या पंख्यासमोर पूर्ण उजेडावर लावून स्वतःच्या बॅटरीचा वेळ स्वतः मोजा आणि तोच खरा धरा. आणि कंपनीने पुढच्या आवृत्तीत ठिपक्यांऐवजी शिल्लक मिनिटं दाखवणारा आकडा द्यावा. व्होल्टेजऐवजी बाहेर गेलेली वीज मोजणारी चिप फोनमध्ये कित्येक वर्षं आहे. ती इथे का नाही, हे मी त्यांना तीनदा लिहून विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

गेल्या शनिवारी शेवटचा पूर्ण रात्रीचा सराव झाला. अंधारातले ११ लॅप, तीन वेळा बॅटरी बदलली, दिवा एकदाही मिचकला नाही. दोन्ही बॅटऱ्यांवर पांढऱ्या पट्टीवर क आणि ख लिहिलं आहे, आणि भाऊ पिटमधल्या पाटीवर प्रत्येक लॅपला एक रेघ ओढतो. तिसरी रेघ पडली की बॅटरी हातात धरून उभा असतो. ठिपक्यांवर त्याने काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे.