समांतर बायबल अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर: मरियामातेआधीची राजमाता

माळेची प्रार्थना आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण मरियामातेला ‘राणी’ का म्हणायचे, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तो प्रश्न मनात धरूनच हिब्रू, ग्रीक आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी दाखवणारे एक सशुल्क अ‍ॅप मी आठ महिन्यांपूर्वी घेतले. एखाद्या शब्दावर बोट ठेवले की तो आणखी कुठे आला आहे याची यादी उघडते, आणि माझा बहुतेक वेळ त्या यादीतच गेला.

सुरुवात ‘गेबिरा’ म्हणजे धनीण किंवा राजमाता या हिब्रू शब्दापासून केली. यादीत हागारेची धनीण साराय निघाली, नामानाची बायको निघाली आणि यहूदाच्या राजांच्या माताही निघाल्या. आसा राजाने अशेरा देवीची मूर्ती केल्याबद्दल माका हिला राजमातेच्या पदावरून दूर केले; जे काढून घेता येते ते नुसते मानाचे संबोधन नसणार, हे त्यावरून उमगले. राजांना राण्या अनेक असत, आई मात्र एकच. म्हणूनच यहूदाच्या राजांच्या नोंदींत यहोराम आणि आहाज हे दोघे वगळता प्रत्येकाच्या आईचे नाव दिलेले दिसते.

सर्वांत मोलाची जागा मात्र यादीत आलीच नाही. पहिले राजे २:१९ मध्ये शलमोन राजा उठून आपली आई बथशेबा हिला नमन करतो आणि आपल्या उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडायला लावतो. पण तेथे शब्द आहे साधा, ‘राजाची आई’. जुन्या सवयीने पाने चाळत गेलो म्हणूनच ते आसन सापडले. ती शलमोनाचा सावत्र भाऊ अदोनीया याची रदबदली करायला आली होती, आणि ‘तुला नाही म्हणणार नाही’ असे सांगणाऱ्या शलमोनाने ती ऐकताच अदोनीयाला ठार करवले. मध्यस्थी करणाऱ्या मातेचे मूळ येथे दाखवणारे पुढच्या ओळी सहसा का वाचत नाहीत, हे सांगायला नको. तरीही राजाकडे गाऱ्हाणे न्यायचे तर त्याच्या आईला गाठायचे, ही दरबारी रीत त्या प्रसंगात स्पष्ट दिसते. लूककृत शुभवर्तमानात मरियेची नातलग अलीशिबा तिला ‘माझ्या प्रभूची आई’ म्हणते, तेव्हा दाविदाच्या वंशाची ही आठवण जागी असणार असे मला वाटते.

मरियेला एकामागून एक नावांनी हाक मारणाऱ्या लितानी या प्रार्थनेतील ‘कराराचा कोश’ (देवाच्या कराराच्या पाट्यांची पवित्र पेटी) या नावाबाबत मी इतका ठाम नाही. दुसरे शमुवेल ६ मध्ये कोश ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहतो, लूकमध्ये मरिया अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहते. निर्गम ४०:३५ च्या ग्रीक भाषांतरात मेघाच्या छायेसाठी वापरलेले क्रियापद लूक १:३५ मध्ये मरियेबाबतही येते. परंतु तेच क्रियापद ‘तो तुझ्यावर पंखांची छाया करील’ या स्तोत्रातही आहे, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. ‘स्वर्गाची राणी’ नावाच्या देवतेला भाकरी अर्पण करणाऱ्या स्त्रियांना यिर्मया ४४ मध्ये धारेवर धरले आहे. मी तो अध्याय उघडला, तर ग्रीक रकान्यात यिर्मयाच्या कैदेची कथा! ग्रीक यिर्मयाची मांडणीच वेगळी असून हा मजकूर तेथे ५१ व्या अध्यायात आहे, हे समजायला अर्धा तास गेला. अ‍ॅपमध्ये त्याबद्दल सूचना नाही आणि कळवूनही दुरुस्ती झालेली नाही. ही राणी म्हणजे मरियाभक्तीचे मूळ, असा दावा बराच ऐकू येतो. पण चौथ्या शतकात मरियेच्या नावाने भाकरी वाहणाऱ्या स्त्रियांवर एपिफानियस या बिशपाने टीका केली, ती यिर्मयाच्याच आधाराने.

दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ अ‍ॅपमध्ये नाही, कारण ते बायबलचा भाग नाही. मरियेची आई अन्ना ही शमुवेलाची आई हन्ना हिच्या साच्यात घडवलेली तेथेच दिसते, त्यामुळे ते मला वेगळे मिळवून वाचावे लागले. वर्गणी संपायला चार महिने आहेत. तोवर यिर्मयाचे रकाने जुळवले, तर नूतनीकरण करीन.