घरपोच आलेले हर्ब किट आणि रत्नागिरीचा पावसाळा

कुंडीत वाढवायच्या स्वयंपाकातील सुगंधी पानांचा एक तयार संच, ज्याला विक्रेते ‘हर्ब किट’ म्हणतात, मी गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ७४९ रुपयांना ऑनलाइन मागवला. त्यातील बियाणे पाच महिन्यांच्या अंतराने दोनदा पेरून पाहिल्यावरच हे परीक्षण लिहीत आहे. पहिल्या पेरणीनंतर लगेच लिहिले असते, तर रागाच्या भरात बियाण्यावर अन्याय झाला असता.

संचात बेसिल, ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी, पार्सली आणि कोथिंबीर अशी सहा पाकिटे, चार इंची सहा प्लास्टिकच्या कुंड्या, त्यांखालच्या ताटल्या, कोकोपीटची एक वीट आणि एक माहितीपुस्तिका होती. बांधणी नीटनेटकी होती आणि प्रत्येक पाकिटावर पॅकिंगची तारीख स्वच्छ छापलेली होती. पार्सलीसारखे बी जुने झाले की त्याची उगवण झपाट्याने घटते, त्यामुळे या तारखेचे मोल मी अधिक मानतो. कोकोपीटच्या विटेकडे पाहून मात्र घरात सर्वांना हसू आले. आमचे घर रत्नागिरीजवळच्या भाट्याचे, जिथे कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे आणि जिथे नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, न्हाणीच्या चुलीत जातात. तिथल्या माणसाने काथ्याचा भुसा दाबून, पॅक करून, कुरिअरने मागवावा!

खरी अडचण पुस्तिकेत आहे. ‘वर्षभर केव्हाही पेरा, कुंडी नेहमी ओलसर ठेवा’ असे तिच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावे. संचातील ओरेगॅनो, थाइम आणि रोझमेरी या भूमध्य समुद्राच्या काठच्या वनस्पती. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस थंडीत पडतो. म्हणजे समुद्रकिनारा दोन्हीकडे असला, तरी ऋतूंचा क्रम नेमका उलटा.

मी पुस्तिकेवर विश्वास ठेवून जूनमध्येच पेरणी केली आणि कुंड्या पडवीत, पागोळ्यांपासून दोन हात आत ठेवल्या. सातव्या दिवशी बेसिल दाट उगवून आले. बाराव्या दिवशी सकाळी पाहतो तर निम्मी रोपे आडवी पडलेली. पाने अजून हिरवी होती, पण मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्याइतका बारीक आणि पाणचट तपकिरी झाला होता; बोटाने हलकेच उचलले की रोप मुळाशिवाय हातात येई. ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात तो हाच बुरशीचा रोग. त्याला निमंत्रण देण्याची सारी व्यवस्था संचातच होती: कुंडीच्या तळाला काडीच्या गुलाएवढी दोनच छिद्रे, खाली पाणी साठवणारी ताटली आणि वर आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारे निव्वळ कोकोपीट. चार दिवस पाणी घातले नव्हते, तरी मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी निथळत होते. जुलै संपेपर्यंत सहाही कुंड्या रिकाम्या झाल्या. एका ताटलीत डासांच्या अळ्या तेवढ्या वाढल्या.

सुदैवाने निम्मे बी मी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून दिले होते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर दुसरी पेरणी केली. तापवलेल्या सळईने कुंड्यांची छिद्रे रुंद केली, त्यांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवले, ताटल्या बाजूला काढल्या आणि चाळलेली जांभ्याची माती दोन भाग, जाडी वाळू एक भाग, जुने शेणखत एक भाग असे मिश्रण भरले. वाळू नदीची घेतली; समुद्रावरची फुकट मिळत असली तरी तिच्यातील खार कुंडीतल्या मुळांना मानवत नाही. या वेळी बेसिल पाचव्या दिवशी वर आले आणि पुढे मार्चपर्यंत दर आठवड्याला ओंजळभर पाने देत राहिले. ओरेगॅनोही चांगले पसरले. थाइम जगले, पण फार धीम्या गतीने वाढले. पार्सलीने उगवायलाच तीन आठवडे घेतले. रोझमेरीच्या बारा बियांतून एकच रोप आले, याचा दोष मी विक्रेत्याला देणार नाही. ती बियांपासून नेहमीच कंटाळवाणी असते आणि फांदी लावूनच वाढवावी, मात्र पुस्तिकेत तसे सांगायला हवे होते.

कोथिंबिरीच्या पाकिटात अख्खे धणे निघाले. धणा हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेराव्यात, हे आपल्याकडे परसात वाफा करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, पण हा संच घेणारा बहुधा शहरातला नवखा असतो आणि त्याला ते कोणीतरी सांगितले पाहिजे. शिवाय वाण्याकडचे दहा रुपयांचे धणेही तितकेच चांगले उगवतात. बेसिलची गोष्ट थोडी वेगळी आहे. फालुद्यातला सब्जा ही त्याच वनस्पतीची बी. मी शेजारच्या कुंडीत सब्जा पेरला, तो जोमाने वाढला, पण त्याच्या पानांचा वास अधिक उग्र आणि तुळशीकडे झुकणारा निघाला. पास्त्याला किंवा चटणीला गोडसर वास हवा असेल, तर पाकिटातले बीच घ्यावे लागेल.

जूनमध्येच पेरायचे असेल, तर या संचापेक्षा हळदीचे चार कंद बरे. मोठ्या कुंडीत मेअखेरीस लावले की श्रावणात पातोळ्यांपुरती पाने हमखास मिळतात. पानओव्याची फांदी आणि गवती चहाचा ठोंब तर शेजाऱ्यांकडे मागितला तरी मिळतो, आणि पडवीच्या कडेला पाण्याचा निचरा होत असेल तर दोन्ही पावसाला दाद देत नाहीत.

विक्रेत्याला मी पहिल्या अपयशाविषयी छायाचित्रांसह लिहिले होते. नऊ दिवसांनी सौजन्याचे उत्तर आणि बेसिलचे एक पाकीट विनामूल्य आले, त्यात सल्ला मात्र पुन्हा ‘कुंडी ओलसर ठेवावी’ हाच होता. बियाणे उत्तम, कुंड्या आणि पुस्तिका निरुपयोगी, असे माझे मत आहे. तेव्हा पूर्ण संच न घेता बेसिल आणि ओरेगॅनोची सुटी पाकिटे नोव्हेंबरमध्ये मागवावीत. पाकिटासोबत पुढील खरेदीवर वीस टक्के सवलतीचे कूपनही आले आहे. त्याची मुदत फक्त १ ते ३० जून आहे.