शंकरनगर ते चितार ओळी : वसंतातल्या नागपुरात काय खावे, काय घ्यावे

केवळ खाण्यासाठी आणि खरेदीसाठी नागपुरात दोन दिवस काढायचे असतील, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची, संत्री याच सुमारास बाजारात असतात, नव्या हंगामाची लाल मिरची इतवारीत उतरू लागते, शहराबाहेर पडताच रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला दिसतो आणि दुपारचे ऊन माणसाला घरात कोंडून ठेवण्याइतके कडक झालेले नसते. पाडवा उलटला की ही सवलत संपते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि भर दुपारी बाजारात पायी फिरण्याचा विचार स्थानिक माणूससुद्धा करत नाही.

या शहरातली उपाहारगृहे आणि दुकाने पाहताना मी एकच कसोटी लावली. त्या जागेत बसल्यावर, किंवा तिथली वस्तू हातात घेतल्यावर, आपण विदर्भात आहोत आणि हा वसंत ऋतू आहे हे जाणवते का? सजावट कितीही देखणी असली तरी या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती जागा कोणत्याही शहरात असती तरी चालले असते. ही कसोटी लावून फिरणे आता सोपेही झाले आहे, कारण मेट्रोची ॲक्वा मार्गिका पश्चिमेकडील लोकमान्य नगरापासून पूर्वेकडील प्रजापती नगरापर्यंत जाते आणि नव्या व जुन्या नागपूरला एका रेषेत जोडते. सीताबर्डीपर्यंतचा तिचा पश्चिम भाग जानेवारी 2020 मध्ये आणि पूर्व भाग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. शंकरनगर चौकात बसून चितार ओळी चौकात उतरावे, एवढ्या अंतरात या लेखातील बहुतेक सर्व जागा येतात.

सुरुवात धरमपेठेपासून करणे स्वाभाविक आहे, कारण शहराची फॅशन आज तिथेच आहे. लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक, गोकुळपेठ आणि वेस्ट हायकोर्ट रोड या परिसरात कॅफे, बेकऱ्या आणि तयार कपड्यांची बुटिके एकमेकांना लागून आहेत. यातील काही कॅफे जुन्या बंगल्यांमध्ये थाटले आहेत. त्यांचे व्हरांडे, उंच छत आणि अंगणातील झाडे मालकांनी तशीच ठेवली, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. सकाळी अकराच्या सुमारास अशा व्हरांड्यात कॉफी घेत बसणे हा निर्भेळ आनंद आहे, आणि कॉफीही आता बहुतेक ठिकाणी जाणकारीने केलेली मिळते.

पदार्थांची यादी हाती आली की मात्र निराशा होते. पास्ता, सँडविच, चीजकेक हे सगळे व्यवस्थित असते, पण यातले काहीच इथले नसते. अशाच एका अतिशय सुंदर कॅफेत, ऐन संत्र्याच्या हंगामात, ताज्या रसाची चौकशी केल्यावर बाटलीबंद पेय पुढे आले. दोन चौक पलीकडे हातगाडीवर संत्र्यांचे ढीग लागलेले असताना हे घडावे, याचे मला फार वाईट वाटले. ज्या फळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्याच्यामुळे या शहराचे नाव देशभर घेतले जाते, त्याला शहरातल्या सर्वांत देखण्या टेबलावर जागा नसावी, हे पटत नाही. त्यामुळे धरमपेठेत कॉफी घ्यावी, निवांत बसावे, पण जेवण दुसरीकडे राखून ठेवावे.

ते दुसरीकडे म्हणजे जवळच बजाज नगरात. शेफ विष्णू मनोहर यांचे उपाहारगृह ‘विष्णूजी की रसोई’ येथे आहे आणि घरगुती वैदर्भीय पदार्थ पाहुण्यांपुढे नीटनेटकेपणाने मांडण्याचे काम त्याने आवर्जून केले आहे. वडाभात, गोळाभात, पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, झुणका, भाकरी हे पदार्थ पूर्वी कोणाच्या तरी घरी पंगतीला बोलावणे आल्याशिवाय बाहेरच्या माणसाला मिळत नसत. वडाभाताची खरी परीक्षा फोडणीत असते. डाळी भरड वाटून तळलेले वडे गरम भातावर कुस्करायचे आणि त्यावर हिंग, मोहरी व लाल मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी वेगळी घालायची. ती फोडणी पानात पडताना गरम असेल तरच हा पदार्थ जमतो, म्हणून मांडून ठेवलेल्या जेवणात तो वाढून घेताना ताज्या फोडणीची विचारणा अवश्य करावी. घाईने जाऊ नये, आणि सकाळी तर्री पोहे, म्हणजे हरभऱ्यांचा तिखट रस्सा ओतलेले पोहे, खाल्ले असतील तर अजिबात घाई करू नये.

तर्री पोह्यांसाठी मात्र कोणत्याही नावाच्या मागे लागण्याची गरज नाही. सकाळी सात ते दहा या वेळेत जिथे गर्दी उभी राहून खात असेल, तिथे थांबावे. पोहे वाफेवर मऊ ठेवलेले असावेत, तर्रीतले हरभरे शिजलेले पण अख्खे असावेत आणि वर लालभडक तवंग असला तरी खाली रस्सा पातळ असावा. तर्री दाट झाली की पोहे गिचका होतात. हल्ली काही वातानुकूलित उपाहारगृहांमध्ये हाच पदार्थ पांढऱ्या बशीत, तर्री वेगळ्या वाटीत देऊन मिळतो. तो दिसायला छान असतो, पण तर्री ओतण्याचा क्षण आणि तिचे प्रमाण हे गाडीवाल्या भाऊंच्या हातात असणेच योग्य आहे.

सीताबर्डीचा मुख्य रस्ता मी थोडक्यात आटोपतो. चपला, पर्स, ओढण्या, मुलांचे कपडे यांसाठी बर्डीवर जावे, भाव करावा आणि पुढे निघावे. तरुण मुलींना तिथे तासन्‌तास आनंद मिळतो, हे मला मान्य आहे. परंतु ज्याला नागपूरचे म्हणून काही घ्यायचे आहे, त्याने मेट्रोत बसून चितार ओळी चौक गाठावा.

इथून एका बाजूला गांधीबागेचा कापड बाजार आणि पुढे इतवारी, दुसऱ्या बाजूला महाल. चितार ओळीत मूर्तिकारांची घरे आहेत, तिथून जाताना क्षणभर थांबावे. गांधीबागेत बहुतांश व्यवहार घाऊक आहे. दुकाने अरुंद आहेत, पायऱ्या उंच आहेत आणि आत गादीवर बसून साड्या पाहायच्या असतात. प्रकाशयोजना, आरसे, शीतपेय यांची अपेक्षा ठेवणाऱ्याला हा बाजार रूक्ष वाटेल. मला तो शहरातील सर्वांत डौलदार बाजार वाटतो, कारण विकणाऱ्याला आपल्या मालाचे ज्ञान आहे आणि ते सांगण्याची हौसही आहे.

येथे शोधावी ती करवत काठी. टसर रेशमाचे अंग आणि त्याला करवतीच्या दात्यांसारखी टोके असलेला सुती काठ, ही या साडीची ओळख. टसरचे कोष भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागातील जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढवले जातात. विणकाम नागपूर-भंडारा पट्ट्यातील कोष्टी विणकरांचे. साडी विणताना तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधने) चालतात, दोन्ही काठांसाठी एकेक आणि अंगासाठी तिसरा, आणि काठाचा धागा व अंगाचा धागा जिथे एकमेकांत अडकतात तिथे हे दाते उमटतात. त्यामुळे काम सावकाश होते आणि किंमतही त्या प्रमाणात असते. एका जुन्या दुकानातील काकांनी माझ्यासोबतच्या बहिणीला सांगितले, “ताई, साडी उलटी करून पाहा. सुलटी बाजू कोणीही सजवते.” हा सल्ला फार मोलाचा आहे. हातमागावरच्या काठाचे दाते दोन्ही बाजूंनी सारखेच स्वच्छ दिसतात. छापील नकलेत मागची बाजू फिकी असते आणि यंत्रमागावरच्या नकलेत उलट्या बाजूला सुटे धागे लोंबतात. खऱ्या टसरचा स्वाभाविक रंग मधासारखा असतो, पोत किंचित खरखरीत असतो आणि धाग्यात बारीक उंचसखलपणा दिसतो. अगदी गुळगुळीत, एकसारखी चकाकणारी साडी टसर म्हणून पुढे केली, तर नम्रपणे नकार द्यावा. शंका असल्यास सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क यांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात.

धरमपेठेतील बुटिकांमध्येही करवत काठीच्या ओढण्या, ब्लाऊजचे कापड आणि कुर्ते आता दिसू लागले आहेत आणि त्यांचे शिवणकाम खरोखर उत्तम असते. तिथे अधिक पैसे मोजायला माझी हरकत नाही, फक्त कापड कुठे विणले हे विक्रेत्याला सांगता यायला हवे. ज्या दुकानात या प्रश्नावर “हँडलूमच आहे” एवढेच उत्तर मिळाले, तिथून मी काही घेतले नाही.

कापड झाले की इतवारीत मसाल्याच्या ओळीत जावे. भिवापूर नागपूर जिल्ह्यातच आहे आणि तिथल्या मिरचीला, तसेच वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीलाही, भौगोलिक मानांकन आहे. वर्षभराचे तिखट करण्याचे हे दिवस असल्यामुळे गृहिणी पोत्यांपाशी उभ्या राहून मिरची मोडून, हुंगून निवडताना दिसतात. त्यांच्या शेजारी उभे राहावे आणि त्या घेतील ती घ्यावी. शिवरात्रीनंतर साखरेच्या पांढऱ्या आणि रंगीत गाठ्यांच्या माळाही दुकानांवर झुलू लागतात. लहान मुलांसाठी यापेक्षा सुंदर भेट मला ठाऊक नाही.

दुपारचे जेवण सावजीकडे. ही पाककला हलबा कोष्टी समाजाची, म्हणजे ज्या हातांनी साड्या विणल्या त्याच घरांमधली. हातमागाचा धंदा मंदावत गेला तशा अनेक कुटुंबांनी खानावळी काढल्या आणि आज सावजी हे नाव राज्यभर मिरवते. म्हणून सकाळी करवत काठी पाहून दुपारी सावजी जेवणे, हा क्रम मी आग्रहाने सुचवतो. दगडफूल, खसखस, काळी मिरी, धने आणि भाजलेले खोबरे यांचा गडद मसाला, जवसाच्या तेलाची जुनी सवय, सोबत ज्वारीची भाकरी. मटण आणि खूर प्रसिद्ध आहेत, पण शाकाहारी माणसानेही डाळकांदा आणि पाटोडी यांसाठी यावे. चांगल्या सावजीत तिखट जिभेवर हळूहळू चढते आणि त्याआधी मसाल्याचा सुगंध येतो. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आले आणि वास कशाचाच आला नाही, तर तिथे नुसती मिरची ओतली आहे असे समजावे. नव्याने सजवलेल्या मोठ्या ‘फॅमिली’ सावजी हॉटेलांमध्ये हे फार होते आणि वर तेलाचा थरही जास्त असतो. इतवारी-गोळीबार चौक परिसरातील साध्या खानावळींमध्ये बाके जुनी असली तरी मसाला रोजचा वाटलेला मिळण्याची शक्यता अधिक असते.

संध्याकाळी भूक उरली असेल तर लांब पोळीचा शोध घ्यावा. सैल भिजवलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा, हे काम येथील बायका इतक्या सहजतेने करतात की पाहणाऱ्याला त्यातील कष्ट लक्षातच येत नाहीत. रुमालासारखी पातळ, कडा न वाळलेली ही पोळी सावजी रश्शासोबत खावी किंवा नुसत्या तूप-साखरेसोबत. ती ताजीच खायची असते, बांधून नेण्याचा मोह टाळावा.

बांधून न्यायचीच असेल तर संत्रा बर्फी. हल्दीरामच्या दुकानांतून बहुतेक प्रवासी ती नेतात आणि तिचा दर्जा खात्रीचा आहे. लहान मिठाईवाल्यांकडे घेताना आधी एक तुकडा चाखावा. संत्र्याच्या गराची किंचित आंबट-कडवट छटा लागली तर घ्यावी, केवळ नारिंगी रंग आणि अर्काचा उग्र वास असेल तर सोडून द्यावी. फळ मात्र परतीच्या दिवशीच खरेदी करावे. मृग बहाराचे संत्रे आंबिया बहारापेक्षा (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या) गोड असते, आणि साल सैल असल्यामुळे दाबाने लवकर खराब होते. आकाराने मध्यम आणि हाताला जड लागणारी फळे निवडावीत, सालीवरच्या हिरवट डागांना भिऊ नये, आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी भोके पाडलेल्या खोक्यात कागदाचे थर देऊन ती भरून घ्यावीत. सांगितले तर बाजारातले विक्रेते हे काम स्वतःच नीट करून देतात.