सांगलीतला फ्रिज-एसीचा डिप्लोमा: शिकवतात भारी, पण लॅब बघून मगच फी भरा
रेटिंग: ५ पैकी साडेतीन

धाकट्या भावाने बारावीनंतर सांगलीत एका कम्युनिटी कॉलेजमधून (म्हणजे आसपासच्या पोरांना कामाचं कौशल्य शिकवणारं कॉलेज) फ्रिज-एसीचा डिप्लोमा केला, कोणाला ॲडमिशन घ्यायचंय तर उपयोग होईल म्हणून लिहितेय. कॉलेजचं नाव टाकत नाही कारण दुखणं एकट्या त्यांचं नाहीये.

शिकवणं एक नंबर. सरांचं स्वतःचं वर्कशॉप आहे त्यामुळं फळ्यावर कमी आणि हातात पाना जास्त. कॉपर पाईप फ्लेअर करायची, ब्रेझिंगला ज्योत किती ठेवायची, व्हॅक्युम न मारता गॅस भरला की कंप्रेसरची वाट कशी लागते, सगळं पोरांकडनंच करून घेतात. आणि तासगाव भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं बघता हात बसलेल्या पोराला कामाची ददात नाही.

पण लॅबमधले एसी सगळे जुने, आर-२२ गॅसवाले. दुकानात आता नवीन घरगुती एसी घ्यायला गेलं तर बहुतेक आर-३२, त्याचं प्रेशर जास्त आणि तो गॅस पेट घेऊ शकतो, म्हणजे पोरं हे पहिल्यांदा हाताळणार ते थेट कस्टमरच्या घरात! हे मला अजिबात पटत नाही.

यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) ही कम्युनिटी कॉलेजची योजना १२व्या पंचवार्षिक योजनेत (२०१२-१७) आणली, तेव्हा लॅबला, मशिनरीला पैसे मिळाले. २०१७ ला बारावी पंचवार्षिक योजना संपली, तेरावी आलीच नाही, मग कोर्स फीवर ढकलायचा. फी वाढवली तर ज्यांच्यासाठी कोर्स काढला तीच पोरं येत नाहीत, नाही वाढवली तर नवीन मशीन येत नाही. सर तासिका तत्त्वावर, मानधन सहा-सहा महिने अडकतं, उद्या त्यांनी सोडलं तर त्या कोर्समध्ये राहिलं काय?

अमेरिकेत असली पब्लिक कॉलेजं १९०१ पासून आहेत, मंदी आली की तिथली राज्यंही हात आखडतात, पण बऱ्याच ठिकाणी स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सचा वाटा तरी कॉलेजला येत राहतो. आपल्याकडं एकदा मशीन घेऊन दिलं की जबाबदारी संपली, त्याच्या मेंटेनन्सला आणि शिकवणाऱ्याला दरवर्षी पैसा लागतो हे धरतच नाहीत.

दीड स्टार त्याचा कापलाय, सरांचा नाही.

ॲडमिशनआधी लॅब उघडून दाखवायला सांगा, आर-३२ चं मशीन आहे का विचारा, आणि इथले क्रेडिट (कोर्सचे गुणांक) पुढं बी.व्होकला (कौशल्याच्या पदवीला) धरतात का ते लेखी घ्या.